धूर आडवा पडला होता: पहिल्या गव्हाच्या नोंदी

४ सप्टेंबर

बावीस वर्षं हेलिकॉप्टर उडवलं. प्रत्येक उड्डाणाची लॉगबुकात एक ओळ: तारीख, यंत्र, कॅप्टन कोण, सोबत कोण, दिवस की रात्र, किती वेळ. शेवटच्या पानावर बेरीज ४,१८० तास. ते लॉगबुक परवा कपाटात ठेवलं आणि आज ही वही काढली. रकाने तसेच आखलेत, फक्त 'यंत्र' खोडून तिथे 'तुकडा' केलं.

शेत ४.४ हेक्टर, म्हणजे अकरा एकर. तीन तुकडे: वरचा मुरमाड, मधला बरा, खालचा काळा चिकण. दादा गेल्यावर सहा वर्षं हे सगळं वहिनींनी ओढलं. आबा बांधावरून सांगत, वहिनी करत. मी सुट्टीला यायचो, दोन दिवस राहायचो आणि निघून जायचो. आता कायमचा आलोय. या वर्षी मधल्या तुकड्यातले चार एकर, म्हणजे १.६ हेक्टर, गव्हाला. पेरणीपासून मळणीपर्यंत जबाबदारी माझी, असं मी जाहीर केलं. कोणी नाही म्हणालं नाही. हो पण कोणी म्हणालं नाही.

वहिनींकडे नोंदी आहेत का विचारलं. त्यांनी कपाटातून एक गठ्ठा आणला. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून सुतळीनं शिवलेली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं पेरणी, पाणी, खत, पाऊस. पाण्याच्या पाळीसाठी छोटा गोल, पाळी चुकली तर गोलावर रेघ. सहा वर्षांत अशा रेघा मोजून सात. मी कितीतरी देखभाल-नोंदी तपासल्यात, इतकी स्वच्छ क्वचितच पाहिली.

११ सप्टेंबर

ट्रॅक्टर दिवसभर. संध्याकाळी कमरेत तीच जुनी कळ. हेलिकॉप्टरच्या सीटवर पुढे वाकून बसायचं, एक हात सायक्लिकवर, दुसरा कलेक्टिव्हवर (यंत्र चालवायचे हे दोन दांडे) आणि खालून सतत थरथर. या धंद्यातल्या बहुतेकांची कंबर अशीच बोलते. ट्रॅक्टरची थरथर वेगळी, पण धक्का त्याच मणक्याला. सीटखालची स्प्रिंग बदलून घेतली. दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चालायचं, हे आजपासून ठरवलं.

आणखी एक लिहून ठेवतो. दुपारी पंपाजवळ उभा होतो. वहिनी लांबून आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, बेअरिंग वाजतंय." मला काहीच ऐकू आलं नाही. माझ्या डाव्या कानाचे वरचे सूर गेलेत, ते मला सेवेतल्या तपासणीतच सांगितलं होतं. पंप बंद करून हात लावला तर कव्हर चटका बसेल इतकं तापलेलं. बेअरिंग काढलं, गोळ्या निळ्या पडल्या होत्या. आणखी एक दिवस चालवलं असतं तर शाफ्ट गेला असता.

२३ सप्टेंबर

आज चेकलिस्ट केली.

३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ चाचणीसाठी उडालं, वर चढलं आणि कोसळलं. दोघांचा जीव गेला. यंत्रात दोष नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. उडवणारा नवखा नव्हता, मुरलेला चाचणी-वैमानिक होता. त्यातून धडा असा घेतला गेला की हे विमान एका माणसाच्या आठवणीवर सोडता येणार नाही, कागदावर यादी हवी. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं. आम्हाला प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच हे सांगतात, आणि मला ते कधी जुनं वाटलेलं नाही.

ट्रॅक्टरसाठी मी ३१ मुद्दे लिहिले. वहिनींनी पेन्सिल घेतली, शांतपणे वाचलं आणि एकेक खोडत गेल्या. उरले नऊ. "एवढे रोज बघितले जातील," म्हणाल्या. "एकतीस पहिले चार दिवस बघाल." बरोबर आहे. नऊचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून शेडच्या दाराला टांगलं.

नऊपैकी पहिला मुद्दा पीटीओ शाफ्टचा. ट्रॅक्टरच्या मागून मळणीयंत्राला फिरवणारा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पंच्याचं टोक किंवा ओढणी अडकली तर माणसाला 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. आमच्या शाफ्टवरचं आवरण तीन वर्षांपूर्वी फुटलं होतं आणि तेव्हापासून सगळे त्यावरून पाय टाकून जात होते. नवीन आवरण बसवलं. फिरत्या शाफ्टवरून कोणी ओलांडायचं नाही, आबांनीही नाही. हे आबांना मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग वळसा घालून गेले.

७ ऑक्टोबर

तीन तारखेला ४२ मिलिमीटर पाऊस. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. आपल्या शेतावर त्या एका दिवसात साडेअठरा लाख लिटर पाणी पडलं. वरच्या तुकड्यात ते मुरलं, खालच्यात अजून साचलंय.

मी तारखा आखून बसलो होतो: पाचला नांगर, आठला वखर. आज सकाळी ट्रॅक्टर काढला तर आबा आडवे आले. मधल्या तुकड्यात गेले, चार बोटं खोल माती उकरली आणि मूठभर घेऊन दाबली. मूठ उघडली. गोळा झाला होता. अंगठ्यानं ढोसलं तर गोळा फुटला नाही, बोटाचा ठसा उमटला आणि चकाकला. "वाफसा नाही," म्हणाले आणि परत गेले.

वाफसा हा शब्द लहानपणापासून ऐकलाय. पण आज हातात घेऊन कळला. मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी निघून गेलेलं असतं, तिथे हवा आलेली असते, आणि बारीक पोकळ्यांत ओल असते. गोळा होतो, पण ढोसला की भुगा पडतो. त्याआधी यंत्र घातलं तर चाकाखाली त्या पोकळ्या मिटतात आणि वीतभर खाली दाबलेल्या मातीची कडक पाटी बसते. मूळ तिथपर्यंत जातं आणि आडवं वळतं. ते नुकसान एका हंगामात भरून निघत नाही.

स्क्वाड्रनमध्येही हवामानासाठी थांबायचो. पण तिथे थांबणं तासांत मोजत, आणि 'हवा नाही' हे सांगणारा वेगळा अधिकारी असे. इथे थांबायचं ते दिवसांत, आणि सांगणारी एक मूठ.

१४ नोव्हेंबर

पेरणी झाली. बी १६० किलो, ओळींत २२.५ सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर. दर वीस ओळींनंतर उतरून माती उकरून खोली बघितली. आई दुपारी बांधावर आली, मूठभर बी हातात घेऊन काही वेळ उभी राहिली आणि परत पेटीत टाकलं. दादा पेरायचा तेव्हाही ती असंच करायची, वहिनींनी सांगितलं. मला माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर

उगवण चांगली. पण पश्चिमेकडे दोन ओळी जागोजाग कोऱ्या. पेरणीयंत्राची एक नळी मातीनं चोंदली होती, ती मोकळी झाल्यासारखी वाटली आणि पुन्हा चोंदली. आठ दिवसांनी कळलं.

माझ्या मनाला हे सगळ्यात जड जातंय. कॉकपिटमध्ये चूक झाली की दिवा लागतो, आवाज येतो, यंत्र हलतं. हात लगेच सुधारतो. इथे आज केलेली चूक आठ दिवसांनी हिरव्या रंगाच्या जागी मातीच्या रंगात दिसते, आणि तोवर तिच्यापर्यंत परत जायचा रस्ता बंद झालेला असतो. लँडिंग जमत नसेल तर वर उचलून पुन्हा फेरी मारता येते. पेरणीला दुसरी फेरी नाही. उशिरा टोबलेलं बी मागेच राहतं, वहिनी म्हणाल्या. तरी रिकाम्या जागा टोबून घेतल्या.

५ डिसेंबर

पेरणीनंतर २१ वा दिवस. पहिलं पाणी. मुकुटमुळं फुटायची हीच वेळ, हे पाणी चुकलं तर फुटवेच कमी येतात. कॅलेंडरच्या पानांवर सहाही वर्षी या पाण्याच्या गोलावर रेघ नाही. मीही चुकू दिलं नाही.

१६ डिसेंबर

गव्हात रुंद पानांचं तण वाढलंय, मुख्यतः चाकवत. मजूर मिळत नाहीत. २,४-डी हे तणनाशक फवारायचं ठरलं. ते गवतवर्गी पिकाला सहन होतं, रुंद पानांच्या झाडाला नाही.

आज फक्त पाण्यानं पंपाचं मोजमाप. बूमला, म्हणजे फवाऱ्याच्या आडव्या दांडीला, आठ नोझल, प्रत्येकात ५० सेंटिमीटर अंतर. प्रत्येकाखाली भांडं धरून एक मिनिट. सात नोझलनी ०.८ लिटरच्या आसपास दिलं, आठव्यानं ०.९५. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे नोझल झिजलं, ते बदललं. मग हिशोब: मिनिटाचे लिटर गुणिले ६००, भागिले ताशी वेग गुणिले नोझलमधलं मीटरमधलं अंतर. ०.८ गुणिले ६०० म्हणजे ४८०. ६ गुणिले ०.५ म्हणजे ३. हेक्टरी १६० लिटर. पन्नास मीटर अंतर आखून वेगही तपासला, तीस सेकंदांत पार झालं पाहिजे, झालं.

आबा बघत होते. विचारलं, "विमानातून फवारतात ना काही ठिकाणी?" मग त्यांना सांगितलं. ३ ऑगस्ट १९२१ ला अमेरिकेत ओहायोमध्ये लेफ्टनंट जॉन मॅकरेडी या लष्करी वैमानिकानं सैन्याच्या कर्टिस विमानातून कॅटाल्पाच्या झाडांवर कीटकनाशक भुकटी टाकली. अळ्यांनी झाडं खाऊन टाकली होती. विमानातून पीकसंरक्षण सुरू झालं ते तिथून. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टिअरमन जातीची शिकाऊ विमानं स्वस्तात निघाली आणि कितीतरी सैनिकी वैमानिक त्यांत हौद बसवून शेतांवर उडू लागले. आबा मन लावून ऐकत होते. उडणं आणि पिकवणं यांत नातं आहे हे त्यांना पहिल्यांदा पटल्यासारखं वाटलं. मला फार बरं वाटलं.

१९ डिसेंबर

पेरणीनंतर ३५ वा दिवस. फवारणी झाली. सकाळी वारा ताशी १८ किलोमीटर, थांबलो. दुपारी तसाच. साडेपाचला वारा पडला. आभाळ स्वच्छ. ५.५० ला सुरुवात, ६.३५ ला संपलं. वारा शून्य. चेकलिस्ट पूर्ण. मिश्रण २५६ लिटर, हिशोबाप्रमाणे संपलं.

२० डिसेंबर

दुपारी खालच्या बाजूचे शेजारी काका आले. त्यांच्या टोमॅटोचे शेंडे वळलेत, येऊन बघ म्हणाले.

गेलो. आमच्या बांधालगतच्या ओळी सगळ्यात वाईट. शेंडे खाली वाकून पिळलेले, पानांचे देठ वळून पानं खालून वर आलेली, जणू कोणी प्रत्येक फांदी हातात धरून मुरगाळली. टोमॅटो २,४-डीला अतिशय नाजूक. मी गुडघ्यावर बसून एक शेंडा हातात घेतला. काल इथे पाऊलही टाकलं नव्हतं, तरी हे माझ्याच हातून झालंय यात शंका राहिली नाही.

काकांना तिथेच सांगितलं, हे आमच्या फवारणीनं झालं, काल संध्याकाळी. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तो शेंडा माझ्या हातातून घेतला आणि खुडून टाकला.

२१ डिसेंबर

रात्री सगळ्यांना बसवलं. आबा, आई, वहिनी, माझी बायको, मुलगी. आमच्याकडे प्रत्येक उड्डाणानंतर डीब्रीफिंग असतं. खोलीत शिरताना हुद्दा बाहेर ठेवायचा, काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, एवढंच. कोणाला दोष द्यायला नाही. मी कालक्रमानं सांगत गेलो. साडेपाचला वारा पडला, इथपर्यंत आलो आणि वहिनी म्हणाल्या, "मी तुम्हाला म्हणाले होते."

म्हणाल्या होत्या. मी टाकी भरत होतो. त्या पाणी तापवायचा बंब पेटवून अंगणातून आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, धूर आडवा पडलाय. आज राहू द्या का?" मी वाऱ्याचं मीटर दाखवलं. म्हटलं, "वारा शून्य आहे वहिनी, याहून चांगली वेळ मिळायची नाही." त्या गप्प झाल्या आणि आत गेल्या. १९ तारखेच्या नोंदीत मी हे लिहिलेलं नाही. ते वाक्य नोंदवण्याइतकं मोठं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

आता कारण लिहितो, सविस्तर, कारण हे मला माहीत होतं. हवामानशास्त्राची परीक्षा मी दर वर्षी दिली आहे. सर्वसाधारणपणे वर जावं तशी हवा थंड होते, हजार फुटांना साधारण दोन अंश. तापलेली हवा वर उठते, ढवळली जाते, आणि तिच्यातलं जे काही असेल ते पांगतं. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर सूर्य कलल्यावर जमीन झपाट्यानं उष्णता सोडते. जमिनीलगतची हवा गार होते, वरची ऊबदार राहते. उलटा थर बसतो. गार हवा जड, ती वर उठत नाही. ढवळणं थांबतं. धूर सरळ वर न जाता छपराच्या उंचीवर आडवा होऊन चादरीसारखा सरकतो. फवाऱ्यातले बारीक थेंब, शे-दीडशे मायक्रॉनच्या खालचे, तेही तसेच तरंगत राहतात आणि गार हवा जिकडे उतार असेल तिकडे पाण्यासारखी वाहते, तिच्याबरोबर जातात. पांगत नाहीत, घट्ट राहतात. आमचा उतार काकांच्या शेताकडे. त्यात आमचं औषध एस्टर प्रकारातलं, ते पानावर पडल्यावरही वाफ होऊन उठतं. त्याच औषधाचा अमाइन क्षार हा प्रकार घेतला असता तर निदान तेवढं कमी झालं असतं.

म्हणजे शून्य वारा हेच धोक्याचं लक्षण होतं. ताशी ३ ते १५ किलोमीटर, एका ठरलेल्या दिशेनं वाहणारा वारा हवा होता, काकांच्या शेतापासून दूर जाणारा. याच उलट्या थरामुळे पहाटे धावपट्टीवर धुकं बसलेलं मी शेकडो वेळा पाहिलंय. वरून. खालून ते कसं दिसतं हे वहिनींना माहीत होतं. त्यांच्याकडे त्याचं नाव नव्हतं, 'धूर आडवा पडलाय' एवढंच होतं. ते पुरेसं होतं.

रात्री झोप आली नाही, म्हणून हेही लिहितो. पुरात छपरावरून माणसं उचलताना हेलिकॉप्टर वर स्थिर धरावं लागतं. वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. आपल्याच पोटाखाली दोर सुटलेला असतो, त्याला माणूस लटकलेला असतो, आणि आपण समोरच्या एखाद्या झाडाकडे किंवा खांबाकडे बघत बसलेलो असतो. दारात पोटावर झोपलेला सहकारी बोलत राहतो. पुढे पाच, पुढे तीन, डावीकडे दोन, स्थिर. तो हुद्द्यानं माझ्या खाली. पण तेवढा वेळ यंत्र त्याच्या आवाजावर चालतं. तो 'स्थिर' म्हणाला की मी स्थिर. का, असं मी कधी विचारलं नाही. त्याला दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं. एका रात्री एका घरावरून अकरा माणसं काढली, त्यातलं शेवटचं बाळ होतं, आणि त्याचा आवाज एकदाही चढला नाही. तो आवाज माझ्या चांगल्या कानात अजून आहे.

बावीस वर्षं मी असा ऐकत उडलो. घरी आलो आणि साडेतीन महिन्यांत ऐकणं बंद केलं.

२४ डिसेंबर

पुन्हा बसलो. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवर असेल. त्यानं विचारलंही. कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ माणूस, त्यानं खात्रीनं सांगितलं की नाही, आणि विषय संपला. १९७९ मध्ये नासानं या प्रकारच्या अपघातांवर कार्यशाळा घेतली आणि तिथून पुढे जगभर वैमानिकांना हे शिकवायला लागले: खालच्यानं बोलायचं आणि वरच्यानं ऐकायचं, दोन्ही सरावानं येतं. हे मी सांगितलं तेव्हा खोलीत कोणीच बोललं नाही. मग नियम मांडला.

शेतात कोणीही 'थांबा' म्हणालं की यंत्र थांबेल. आधी थांबायचं, मग विचारायचं. म्हणणारा मजूर असो, मुलगी असो, आई असो. आणि थांबवणं चुकीचं निघालं तरी त्याला बोल लावायचा नाही.

आबांना ते रुचलं नाही. "शेतात एकाचंच चालतं," म्हणाले. "दहा जणं थांबा म्हणाली तर पेरणी व्हायची कधी?" मी वाद घातला नाही. बराच वेळ गेला. मग आई म्हणाली, "बैलाचं सांगा की."

आबांनी सांगितलं. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. पावसानंतर विहिरीचा काठ भिजला होता. आई म्हणाली होती, काठ बोलतोय, बैल तिकडून नेऊ नका. माती सुटायच्या आधी बारीक करकर येते, ती तिला ऐकू आली होती. आबा बैल घेऊन गेले. काठ सुटला. ते वाचले, बैल नाही. आयुष्यात हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना आईकडे बघितलं नाही, पण त्यांचा हात तिच्या बाजूला चटईवर टेकलेला होता.

अमेरिकेत १९७६ पासून नासा एक व्यवस्था चालवते. वैमानिक आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात स्वतः कळवतो, त्याचं नाव उघड होत नाही, आणि त्यातून सगळे शिकतात. आपणही एक वही केली. 'थोडक्यात वाचलं' असं मुलीनं वर लिहिलं. पहिली नोंद आबांनी सांगितली आणि तिनं उतरवली: बैल, विहीर.

२६ डिसेंबर

शेडच्या खांबाला दोन थर्मामीटर. एक जमिनीपासून फूटभर, दुसरा आठ फुटांवर. दोन्ही सावलीत. वरचा जास्त ऊबदार दाखवत असेल तर फवारणी नाही. आज ५.४० ला खाली १४, वर १६. धूर आडवा. कार्डावर दहावा मुद्दा घातला. शब्द वहिनींचेच ठेवले.

१२ जानेवारी

काकांच्या बांधाकडच्या ओळी गेल्याच. त्यांच्या मागच्या ओळींना नवे शेंडे फुटलेत, सुरुवातीची पानं फर्नच्या पानासारखी बारीक, त्यावरची नीट. गेलेल्या ओळींचा हिशोब काकांनी सांगितला तो तसाच मान्य केला. शिवाय रोज सकाळी दोन तास मी त्यांच्याकडे बांधणीला जातो. पहिले आठ दिवस ते कामापुरतं बोलले. आज विचारलं, वरून ढगात शिरल्यावर काय दिसतं. मी सांगत होतो, ते सुतळी देत होते.

९ फेब्रुवारी

दाणा भरतोय. पाचवं पाणी दिलं. ऊन अचानक चढलं तर दाणा भरायचे दिवस कमी होतात आणि दाणा बारीक राहतो. रोज दुपारी पारा बघतोय, अजून तिशीच्या आत आहे.

३ मार्च

वरच्या मुरमाड तुकड्यात वखर घालत होतो. मुलगी बांधावरून ओरडली, "बाबा, थांबा!" क्लच दाबला, ब्रेक मारला, इंजिन बंद केलं, मग मागे बघितलं. ती पळत आली आणि चाकापुढे चार पावलांवर बोट दाखवलं. मला काही दिसेना. खडेच खडे. खाली वाकलो तेव्हा दिसली: चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत करून ठेवलेली. टिटवीची. वरती जोडी ओरडत घिरट्या घालत होती, आणि तो चिरका आवाज मला इंजिनाच्या घरघरीत ऐकूच आला नव्हता.

चार दगड लावून खूण केली. तेवढी जागा सोडून वखर पुढे नेला. तिनं विचारलं, "अपघात नव्हता, तरी चाललं ना?" चाललं म्हटलं. रात्री तिनं वहीत लिहिलं.

२७ मार्च

मळणी संपली. ४६ क्विंटल, म्हणजे हेक्टरी जवळपास २९. कॅलेंडरच्या पानांवर याच तुकड्याचं सगळ्यात चांगलं वर्ष ४९ क्विंटल, दादाच्या पश्चात दुसऱ्या वर्षाचं. कोऱ्या राहिलेल्या दोन ओळी आणि टोबलेलं मागे पडलेलं पीक यांत थोडा फरक गेला असणार. वहिनींनी आकडा बघितला आणि मागच्या पोत्यातले चार दाणे दाताखाली फोडले. "वाळलाय नीट," म्हणाल्या.

मळणीच्या दिवशी दोनदा 'थांबा' झालं. एकदा मजुरानं, पट्टा घसरत होता म्हणून. एकदा आबांनी, मीच फिरत्या शाफ्टच्या बाजूनं जवळच्या वाटेनं निघालो होतो म्हणून. वळसा घालून गेलो.

आज नोंद लिहायला बसलो तेव्हा मागची पानं चाळली. १४ नोव्हेंबरपासून 'सोबत कोण' या रकान्यात बहुतेक ठिकाणी रेघ मारलेली. कॅप्टनच्या रकान्यात मी. पेरणीला नळ्यांमागे चालणाऱ्या वहिनी होत्या, पहिल्या पाण्याला रात्री बारं मोडणाऱ्या त्याच. बसून सगळ्या ओळी नीट भरल्या. वहिनींना दाखवल्या. त्यांनी पेन्सिल घेतली, १९ डिसेंबरच्या ओळीत 'वारा शून्य'च्या पुढे बारीक अक्षरात 'धूर आडवा' लिहिलं आणि वही परत दिली.

उद्या: नोझल काढून धुवायचे, आठवं वेगळं ठेवायचं. मळणीयंत्राचा पट्टा बदलायचा. टिटवीची पिल्लं निघाली का ते मुलीबरोबर जाऊन बघायचं, लांबूनच.